दुसरं टोक कुणी धरलं?

३ मार्च

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

घराला जरा हात लावायचाय आणि घर तुमच्या नावावर आहे, म्हणून लिहिते आहे. विचारल्याशिवाय खिळा ठोकला असं नंतर निघायला नको. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी "पाणीपट्टी भरली" म्हटलं आणि तुम्ही "कोण पडली?" म्हणून ओरडलात. अर्धा तास मीच तुम्हाला धीर देत होते. त्यापेक्षा कागद बरा.

आपलं लांबडं दालन तुम्हाला माहीतच आहे. बावीस फूट लांब, दहा रुंद. दादू होता तेव्हा त्याची सायकल, त्याची हत्यारं, त्याचे मित्र, सगळं त्यात मावायचं. तो जाऊन दोन वर्षं होतील. आता तिथे माझा आवाज घुमतो. मागचे नऊ फूट वेगळे काढून एक खोली करायची आहे. चष्म्याच्या दुकानाचे मालक काचा घासायचं एक जुनं मशीन मला घरी देणार आहेत, ते तिथे बसवीन. विटांची भिंत नको, जिप्समच्या बोर्डांची ड्रायवॉल करावी म्हणते. वर उघडे वासे दिसतात, तिथेही बोर्डाचं छत हवं.

माणूस लावायचा नाही, मीच करणार आहे. दिवसभर केसाएवढा फरक बघत काचा घासते, तर भिंतही जमेल. कसं करायचं ते तुमच्याइतकं कोण सांगणार?

तुमची सून

९ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या केल्या, पण घरच्या कुणी कधी विचारलं नाही की बाबा, हे कसं करतात. पोटच्या पोराला, दादूला, तर पुट्टीच्या वासाचाही कंटाळा.

नीट वाच आणि मधलं काही गाळू नकोस. आधी पत्र्याची चौकट. खाली जमिनीला एक पट्टी, वर एक पट्टी, मध्ये दर दोन फुटांवर उभी पट्टी. ओळंबा लावून बघ, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस. बोर्ड आधी छताला, मग भिंतीला. छताचा भार भिंतीचा बोर्ड खालून पेलतो, उलट केलंस तर कडा लोंबतात. बोर्ड जमिनीला टेकवायचा नाही, बोटभर वर ठेवायचा, नाहीतर फरशी पुसताना पाणी पितो. कापताना आरपार कापू नकोस. वरचा कागद सुरीने चिरायचा, गुडघ्यावर मोडायचा, मागचा कागद नंतर कापायचा. दाराच्या कोपऱ्यावर सांधा आणलास तर वर्षात तडा जाईल, तिथे बोर्ड कोयत्यासारखा वळवून काप.

खरं म्हणजे मीच येतो. तीन दिवसांचं काम. इथे मला बांधून ठेवणारं काही नाही. तुझी सासू तिच्या ताईच्या मोडलेल्या पायाचं निमित्त करून दहा फेब्रुवारीला गेली. पंधरा दिवसांत येते म्हणाली होती. आज महिना होत आला. पाय माणसाचा आहे की हत्तीचा, देव जाणे.

तुझ्या पत्रात सासूची चौकशी एका ओळीनंही केलेली नाहीस. हे माझ्या लक्षात आलं आहे.

तुझा,
बाबा

१८ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

चौकट उभी झाली. ओळंबा तीनदा लावला. वरची पट्टी एका बाजूला सूतभर सरकली होती, काढून पुन्हा लावली.

तुम्ही येऊ नका. धूळ फार आहे, तुमची छाती आधीच वाजते, आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्ही विसरलात तरी मी विसरलेले नाही. आईंची चौकशी राहिली, चुकलं. त्या बऱ्या असतीलच.

दुकानातून अठरा बोर्ड मागवले. आडोशाच्या पोटात भरायला लोकरीच्या गाद्याही घेतल्या, म्हणजे आवाज इकडचा तिकडे जाणार नाही. दार सुताराकडून तयार आणलं. कडी आतून आहे. स्क्रू मारताना हात सांभाळून चालवते. डोकं कागदाच्या किंचित खाली जायला हवं, पण कागद फाटला की स्क्रू मेला, हे आता पाठ झालंय.

तुमची सून

२४ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा सासरा म्हणून, नंतर तीनदा कारागीर म्हणून.

आडोसा दहा फूट रुंद, नऊ फूट उंच, दोन्ही बाजूंनी बोर्ड. वर छत. याला दहा बोर्ड पुरतात, तेही एक मोडला असं धरून. तू अठरा मागवलेस. म्हणजे उरलेल्या तीन भिंतींनाही आतून बोर्ड लावते आहेस. विटांच्या भिंतीला आतून बोर्ड कधी लावतात? त्या खोलीत माणूस झोपणार असेल तेव्हा. यंत्राला थंडी वाजत नाही.

दुसरं. लोकरीच्या गाद्या. यंत्राचा आवाज तुझ्या कानाला होऊ नये म्हणून, असं म्हणशील. पण यंत्र चालू असताना तू यंत्रापाशीच बसणार ना? मग पलीकडे कोण ऐकणार आहे?

तिसरं. कडी आतून. घरात तू एकटी आणि कडी आतून. कुणाच्या भीतीने कोण दार लावून घेणार?

चौथं, आणि हे मला सगळ्यात टोचलं. "कागद फाटला की स्क्रू मेला." हे मी तुला लिहिलेलं नाही. हे माझं वाक्य आहे. माझ्या हाताखाली सव्वीस माणसं शिकली, प्रत्येकाच्या कानात मी ते भरलं. त्यातलाच कुणीतरी तुझ्या घरात उभा राहून ते बोलला आहे. तो कोण?

आता छताचं येईल. छताचा एक बोर्ड सव्वीस-सत्तावीस किलोचा असतो. तो डोक्यावर पेलून, हाताने दाबून, त्याच वेळी स्क्रू मारणं एका माणसाचं काम नाही. एक टोक तू धरशील. दुसरं टोक कुणी धरलं, ते मला लिहून कळव.

बाबा

२४ मार्च

अगं,

ताईच्या पत्त्यावर लिहितो आहे. पोचल्याचं कळव. मागच्या पत्राला तू अकरा दिवसांनी उत्तर दिलंस. त्या गावाहून टपाल चार दिवसांत येतं, हे मी पोस्टात विचारून आलो आहे. मग उरलेले सात दिवस पत्र कुठे होतं?

ताईचा पाय कोण बघतं? डॉक्टर घरी येतो की तुम्ही जाता? डॉक्टर म्हातारा आहे का?

सूनबाईचं काही ठीक नाही. मागे खोली बांधते आहे आणि मला मशीनच्या गोष्टी सांगते. घरात कुणीतरी पुरुष वावरतो आहे, माझ्याच धंद्यातला. मला लंबूचा संशय येतो. तुला आठवत असेलच तो. आठवायचा नसला तरी आठवत असेल. आपल्या दारात उभा राहून तुझ्याशी हसत होता म्हणून मी त्याला कामावरून काढलं होतं. त्याला काढलं ते बरंच केलं, असं तू त्या दिवशीही म्हणाली नव्हतीस.

इथे दूध नासतं. कधी येतेस?

मी

५ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न.

छत झालं. दोन लाकडी टेकू केले, इंग्रजी टी असते ना, तसे. बोर्डाखाली टेकू उभा करायचा, बोर्ड वाशाला घट्ट दाबला जातो, मग शिडीवर चढून स्क्रू मारायचे. चारच बोर्ड होते, दोन दिवस लागले, मान अजून वाकडी आहे.

तीन भिंतींना आतून बोर्ड यासाठी की मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. चौकट भिंतीपासून दोन बोटं सुटी ठेवली आहे.

स्क्रूचं वाक्य तुमचंच आहे. या घरात ते दादूनं आणलं, दुसरं कोण आणणार?

सांध्यांना कागदी पट्टी लावून पुट्टीचा पहिला हात दिला. दुसरा हात उद्या, जरा रुंद. तिसरा आणखी रुंद. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिलं. पण बाबा, तुम्ही जे विचारता ते खोलीबद्दल नसतं, हे मलाही कळतं.

तुमची सून

६ एप्रिल

अहो,

पत्र पोचलं. ताईला अजून काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही. डॉक्टर बाई आहे.

लंबूला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या बायकोनं कळवलं होतं, तेव्हा तुम्ही भेटायलाही गेला नाहीत. विसरलात?

सूनबाईच्या मागे लागू नका. तरणीताठी मुलगी नवऱ्यामागे एकटी राहते, कमावते, कुणापुढे हात पसरत नाही. एक खोली बांधते आहे तर बांधू द्या. दूध आणल्या आणल्या तापवायचं असतं.

मी

१६ एप्रिल

सूनबाई,

आशीर्वाद लिहीत नाही. मनात नसताना लिहायचा नाही.

शनिवारी दुपारी मी तिथे होतो. न कळवता आलो. कळवून आलो असतो तर जे बघायचं ते दिसलं नसतं. दारातून आलो नाही. बाजूच्या बोळात उभा राहिलो, तिथून मागच्या खोलीची खिडकी दिसते. अजून पडदा लावलेला नाहीस, हे बरं झालं.

शिडीवर माणूस होता, माझ्याकडे पाठ करून. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, पायात विजार आणि अंगात दादूचा निळ्या चौकड्यांचा सदरा. तो सदरा मी त्याला घेतला होता. कोपरापाशी ठिगळ आहे, लांबून ओळखला. तो माणूस छताच्या कडेला पुट्टीचं पातं फिरवत होता आणि हात बसलेला होता, नवखा नव्हता. एका दमात, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तसा हात यायला वर्षं लागतात. तू खाली उभी राहून त्याला पुट्टीची पाटी देत होतीस. आणि हसत होतीस. तो काहीतरी बोलला आणि तू इतकी हसलीस की पाटी हिंदकळली.

माझा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत.

मग पुढच्या दाराशी गेलो, थाप मारायला हात उचलला होता. मारली नाही. त्याच्या अंगातला सदरा माझ्या हाताने उतरवावा लागला असता, आणि माझी छाती आता तेवढी नाही. तासभर एसटीची वाट बघत बसलो.

टेकू म्हणे. टेकूला सदरा घालतात का?

ते घर माझं आहे. एक मे पर्यंत रिकामं कर. त्याला घेऊन कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा. हे सगळं मी तुझ्या सासूलाही लिहिलं आहे, म्हणजे नंतर दोघींनी मिळून मला वेड्यात काढायला नको.

दादूचा बाप

२२ एप्रिल

अहो,

शिडीवर मी होते.

पुढचं बसून वाचा. पाणी जवळ ठेवा.

ताईच्या पायाचं खोटं नव्हतं. दहा दिवस तिच्याकडे राहिले. मग तिची मुलगी आली, माझं काम संपलं, मी पिशवी भरली. ताईनं डबा दिला, तिकीट काढून दिलं, एसटीत बसवलं. आपला थांबा आला. कंडक्टरनं दोनदा पुकारलं. मी खिडकीतून बघितलं तर समोर आपला रस्ता, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तिथे जाऊन यायला बारा मिनिटं लागतात. घड्याळ लावून तुम्हीच मोजलं होतंत. मला पंधरा लागली तर तीन मिनिटं कुठे होतीस, म्हणून विचारायचात. मी उठलेच नाही. कंडक्टर म्हणाला, आजी, तुमचा स्टॉप. मी म्हटलं, पुढचं तिकीट द्या.

सूनबाईच्या दारात संध्याकाळी उभी राहिले. काय सांगायचं ते वाटभर ठरवलं होतं. तिनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, गरम पाणी काढू?" बस. आजतागायत तिनं का म्हणून विचारलेलं नाही.

खोली माझी आहे. मीच म्हटलं, मला एक खोली हवी, आतून कडी असलेली. उभ्या जन्मात मला आतून लावायची कडी नव्हती. न्हाणीघराचीसुद्धा तुम्ही काढून टाकली होतीत, दार अडकतं म्हणून. दार कधीच अडकत नव्हतं. लोकरीच्या गाद्या माझ्यासाठी, मी झोपेत बोलते. तुम्ही उशाशी बसून ऐकायचात, मला ठाऊक होतं. तीन भिंतींना बोर्ड माझ्या गुडघ्यांना थंडी लागू नये म्हणून. मशीनची गोष्ट मी तिला लिहायला लावली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबांना धंद्याचं विचार, म्हणजे ते खुश होतील आणि बाकी काही बघणार नाहीत, असं मीच म्हटलं. तिथे माझा अंदाज चुकला. तुमची पत्रं ताई मला इकडे पाठवत होती, आणि माझी तिच्या गावाहून टाकत होती. तुमचे सात दिवस ते.

आता हाताचं. तो हात कुठून आला म्हणता. पंचवीस वर्षं तुमचा डबा घेऊन कामावर येत होते. तुम्ही सावकाश जेवायचात आणि मी उभी असायचे, कारण बसायला खुर्ची नसायची आणि कुणाशी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. मग मी काय बघणार? भिंत बघायचे. तुमची माणसं पातं कसं धरतात, कुठे दाबतात, कुठे सोडतात. कुणाचा सांधा फुगणार ते मला तुमच्याआधी कळायचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी तिला सांगत होते, तुमच्या एका माणसानं पहिल्यांदा पुट्टी कालवली तेव्हा ती बादलीतच कशी दगड झाली आणि तुम्ही बादलीसकट ती कशी मालकाच्या अंगणात पुरलीत. म्हणून ती हसत होती.

एकेचाळीस वर्षं माझ्यावर नजर ठेवलीत. बोळात उभे राहून मला बघितलंत, आणि ओळखलं नाहीत.

एक मे ला तिला बाहेर काढायचं असेल तर दोघींना काढा. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवून ठेवा.

मी परत येणार नाही.

२ मे

बाबांना,
नमस्कार.

काल एक मे होती. मी घर सोडलेलं नाही. सकाळी दुकानात गेले, संध्याकाळी आले, पुट्टीचा तिसरा हात घासला.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. आईंनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं म्हणून अंग काढून घेणार नाही. हात माझाच होता. त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण तुम्ही खिडकीत जो माणूस बघितलात तो मी घरात आणला नव्हता. तो तुम्ही येताना बरोबर घेऊन आला होतात.

दादू तुमचाच मुलगा. तुमच्यासारखंच नाक, तुमच्यासारखाच राग. पण सहा वर्षांत त्यानं माझी पर्स कधी उघडली नाही. एकदा मी घरी नसताना पर्सचा पट्टा तुटून सगळं जमिनीवर सांडलं, तर पठ्ठ्यानं वरून टॉवेल टाकून ठेवला आणि मला म्हणाला, तुझं तू उचल. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आळशी वाटला होता.

घराचं काय करायचं ते तुम्ही कळवा. तोंडी निरोप नको. लिहून कळवा.

सून

९ जून

चि. सूनबाईस,
आशीर्वाद. या खेपेला मनात आहेत.

सव्वा महिना लिहू शकलो नाही. चार पत्रं लिहिली, फाडली. पहिलं फार लांब होतं, त्यात सगळी चूक तुम्हा दोघींची होती. दुसरं त्याहून लांब. चौथ्यात दोन ओळी राहिल्या, त्या अशा: तू घर सोडायचं नाहीस. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

वकिलाकडे जाऊन आलो. घर तुझ्या नावावर करून देतो. सव्वीस तारखेला सही आहे.

दूध आता तापवतो.

एका रविवारी येऊन जाऊ का? तिला विचार. नाही म्हणाली तर नाही.

बाबा

१५ जून

बाबांना,
सा. न.

पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या उठून झाडांना पाणी घालायला गेल्या.

घराचं म्हणाल तर, सही होईल तेव्हा मी मानेन. राग मानू नका. तुम्ही मनापासून लिहिलं असेल. पण तुम्ही एक मे सुद्धा मनापासूनच लिहिली होतीत. मला आता तुमचं पत्र आलं की आधी उजेडात धरून बघावंसं वाटतं, आत दुसरं काही लिहिलंय का. ही सवय मला नव्हती. तुमच्याकडून लागली.

आई म्हणतात, अठ्ठावीसला या. चार वाजता. पाचला निघायचं. पुढच्या दारानं या.

सून

५ जुलै

अगं,

त्या दिवशी तू विचारलंस त्याचं उत्तर लिहितो आहे. सूनबाई चहा घेऊन आली, मग पाच वाजले. तू घड्याळाकडे बघितलं नाहीस, मीच उठलो. ते बरं केलं की वाईट, कळलं नाही. तीस पावलांवर जाऊन मागे वळून बघावंसं वाटलं, बघितलं नाही. हे तुला पटणार नाही. तुला पटावं असं माझ्याकडे काही नाही.

तू विचारलंस, "इतकी वर्षं तुम्हाला नक्की कुणाचा संशय होता? एक नाव सांगा." रागावून विचारलं असतंस तर मी भांडलो असतो. तू भाजीचा भाव विचारावा तसं विचारलंस.

आठवडाभर नाव शोधतो आहे. लंबूचं घेतलं. पण लंबूवर माझा संशय नव्हता. तो दारात हसत होता आणि तूही हसलीस, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यापाशी तू अशी हसत नाहीस. म्हणून त्याला काढला. त्याच्या घरी दोन लहान मुलं होती. दूधवाला, दादूच्या शाळेतला मास्तर, ताईचा दीर, सगळ्यांची नावं कागदावर लिहिली आणि एकेक खोडत गेलो. शेवटी कागदावर कुणी राहिलं नाही.

माणूस कुणीच नव्हता. लग्न झालं तेव्हा वाटायचं, ही आपल्याला कशी काय मिळाली, एक दिवस हिच्या ध्यानात येईल आणि ही निघून जाईल. रोज कामावरून परतताना दार दिसेपर्यंत मी जवळजवळ धावत यायचो. तुला हे कसं सांगणार? त्यापेक्षा "तीन मिनिटं कुठे होतीस" हे विचारणं सोपं होतं. विचारलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग पुन्हा विचारावं लागायचं.

ज्याची भीती होती ते मी माझ्या हातानं करून घेतलं.

सूनबाईला सांग, सहीची प्रत रजिस्टरनं पाठवली आहे. ती उजेडात धरून बघेल. बघू दे.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. म्हणत नाही.

मी

१३ जुलै

अहो,

पत्र वाचलं. एकदा सूनबाईनं वाचून दाखवलं, मग मी खोलीत जाऊन एकटीनं वाचलं. कडी लावून.

हे तुम्ही मला पंचविसाव्या वर्षी सांगितलं असतं तर मी कितीतरी हसले असते. आणि कुठे गेले नसते. आता मला चौसष्टावं चालू आहे. माझा पलंग खिडकीपाशी आहे, सकाळी ऊन पायांवर येतं. गेल्या आठवड्यात शेजारणीच्या घरात एका भिंतीचं काम धरलं आहे, मी आणि सूनबाईनं. मी परत येणार नाही, हे पुन्हा लिहिते, म्हणजे तुम्ही मनात वेगळं काही धरून बसायला नको.

या रविवारी येऊ नका. सूनबाई घरी नाही, आणि तुमच्याशी एकटीनं बसायची माझी अजून तयारी नाही. पुढच्या रविवारी या. सहापर्यंत बसलात तरी चालेल.

येताना माझी हिरवी शाल आणा. माझ्या लोखंडी पेटीत आहे, सगळ्यात वर. किल्ली तांदळाच्या डब्याच्या तळाशी, फडक्यात बांधून ठेवलेली आहे. इतकी वर्षं तुम्ही ती शोधत होतात, मला माहीत आहे. पेटीत माझ्या आईची पत्रं आहेत, दादूची शाळेची चिठ्ठी आहे, आणखी काय काय आहे. तुम्ही शाल काढा आणि पेटी लावून टाका.

बाकीचं चाळलंत तर मला कळणार नाही. कळायचा काही मार्ग नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच किल्ली कुठे आहे ते सांगितलं.